शाळेचा सप्ताह आणि रोझा यंगचे सात विद्यार्थी

शाळेचा उत्सव कसा साजरा करावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पताका लावाव्यात, फुगे बांधावेत, पाहुण्याच्या गळ्यात हार घालावा, मुलांना खाऊ वाटावा आणि दुपारी शाळा सोडून द्यावी, एवढ्यात तो सुटतो असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. शाळा उत्सवाच्या दिवशी कोणाचे नाव घेते आणि कोणाचे गाळते, यावरून ती मुलांना काय शिकवते हे कळते. पुस्तकातला धडा परीक्षेनंतर मूल विसरते. पण आपल्या शाळेने कोणाला मान दिला, हे ते जन्मभर विसरत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण अमेरिकेतले आहे. तिथल्या लुथरन पंथाच्या शाळा दरवर्षी जानेवारी महिन्यात 'राष्ट्रीय लुथरन शाळा सप्ताह' पाळतात. बालवर्गापासून हायस्कूलपर्यंत हजारांहून अधिक शाळा त्यात भाग घेतात. वर्गावर्गात उपक्रम होतात. दारे सजवली जातात. एखाद्या दिवशी सगळे एकाच रंगाचे कपडे घालून येतात. शिक्षकांना आभाराची पत्रे लिहिली जातात, गरजूंसाठी धान्याचे डबे गोळा होतात, आजी-आजोबांना वर्गात बोलावले जाते, सामुदायिक प्रार्थना होते. यात वाईट काहीच नाही. मुलांनी आनंद केला पाहिजे. पण आमचा प्रश्न असा आहे की, या आठवडाभरात त्या शाळांचा खरा इतिहास वर्गात येतो का? येत असेल तर किती येतो? कारण तो इतिहास मोठा आहे, आणि त्यातला एक भाग आपल्या वाचकांना आपलाच वाटेल असा आहे.

आधी मूळ पाहू. मार्टिन ल्यूथर हा जर्मनीतला धर्मसुधारक. १५१७ साली त्याने पोपच्या सत्तेखाली चाललेल्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला. पुढे १५२४ साली त्याने जर्मन शहरांच्या नगरसभांना उद्देशून एक पत्र लिहून छापले. तुम्ही तोफांवर, रस्त्यांवर, पुलांवर दरवर्षी एवढा पैसा ओतता, मग गरीब मुलांना शिकवणाऱ्या एक-दोन मास्तरांवर थोडा का खर्च करत नाही, असा त्याचा रोखठोक सवाल होता. मुलांप्रमाणे मुलींनीही रोज थोडा वेळ शाळेत जावे, असे त्याने त्यात म्हटले. पाचशे वर्षांपूर्वीचा हा सवाल आजच्या अंदाजपत्रकालाही विचारता येईल. ज्ञान हे पुरोहिताच्या पेटीत बंद राहता कामा नये, सामान्य माणसाने स्वतः वाचले पाहिजे, हा लुथरन शाळेचा पाया आहे.

बाबासाहेबांनी हे महत्त्व ओळखले होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी ल्यूथरचा उल्लेख केला आहे. युरोपातील माणसाच्या राजकीय मुक्तीच्या आधी ल्यूथरची धर्मसुधारणा झाली, असा दाखला देऊन राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे त्यांनी मांडले. मात्र त्याच ल्यूथरने १५२५ साली उठाव करणाऱ्या शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडून टाका असे राज्यकर्त्यांना सांगितले आणि १५४३ साली ज्यूंविरुद्ध विषारी पुस्तक लिहिले, हेही विसरता येत नाही. ज्याने एक दार उघडले त्याने दुसरे बंद केले. शाळेच्या सप्ताहात मोठ्या वर्गांना या दोन्ही बाजू सांगायला हव्यात. एकच बाजू सांगितली तर तो इतिहास राहत नाही, आरती होते.

अमेरिकेतल्या या शाळा जर्मन स्थलांतरितांनी उभ्या केल्या. १८३९ साली सॅक्सनी प्रांतातून आलेले लोक मिसूरी राज्यात उतरले. जंगल तोडून घरे बांधायची होती, अंगात ताप होता, खायची मारामार होती. तरीही त्याच वर्षाच्या शेवटी पेरी परगण्यात लाकडाच्या ओंडक्यांच्या एका खोलीत त्यांनी शाळा सुरू केली. ती खोली आजही जपून ठेवलेली आहे. १८४७ साली शिकागोत या लोकांचे धर्ममंडळ स्थापन झाले. ते आज 'मिसूरी सिनड' या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले अध्यक्ष सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर. चर्च तिथे शाळा, ही या लोकांची रीत पडली.

आता इथे वर्गातल्या फळ्यावर दोन रेषा ओढाव्यात असे आम्ही सुचवू. वरच्या रेषेवर शाळेची आणि चर्चची साले लिहावीत. खालच्या रेषेवर त्याच देशातील कृष्णवर्णीय माणसाच्या आयुष्याची साले लिहावीत. वर १८३९, ओंडक्यांची शाळा. खाली त्याच साली मिसूरीत गुलामांची खरेदी-विक्री उघड चालली होती. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला, म्हणून खाली १८६३. त्याच काळात वाल्थर यांनी आपल्या नियतकालिकात, गुलामगिरी ही मुळातच पाप आहे असे बायबलवरून म्हणता येत नाही, अशी बाजू मांडली. म्हणजे वरही १८६३. ग्रंथाच्या आधाराने माणसाच्या गुलामीला मान्यता देण्याची विद्या फक्त आपल्याच देशात होती असे कोणी समजू नये. या दोन रेषा शेजारी शेजारी पाहिल्या की सहावी-सातवीच्या मुलालाही प्रश्न पडतो. तो प्रश्न पडणे हाच सप्ताहातला सर्वात चांगला उपक्रम होय.

या दोन रेषा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे एका तरुण शिक्षिकेचे नाव आहे. रोझा यंग. जन्म १८९०, अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात, रोझबड नावाच्या खेड्यात. वडील मेथॉडिस्ट पंथाचे कृष्णवर्णीय पाद्री. सेल्मा येथील पेन विद्यापीठातून १९०९ साली त्या पहिल्या क्रमांकाने पदवी घेऊन बाहेर पडल्या. कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची मुले शाळेविना वाढत होती. सरकार गोऱ्यांच्या मुलांवर खर्च करी आणि काळ्यांच्या मुलांच्या वाट्याला उरलेसुरले येई. रोझा यंग यांनी १९१२ साली आपल्याच गावी शाळा काढली. पहिल्या दिवशी विद्यार्थी होते सात. तीन सत्रांत ते २१५ झाले.

मग १९१४ साली कापसाची बोंडे पोखरणारी कीड परगण्यात शिरली. पीक गेले. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पीक गेले की घरात पैसा येत नाही, आणि पैसा येत नाही तेव्हा सर्वात आधी फी थकते. शाळा बंद पडायला आली. रोझा यंग यांनी टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांना मदतीसाठी पत्र लिहिले. त्यांनी लुथरन मिशन मंडळाला विचारून पाहा असा सल्ला दिला. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्यांनी सेंट लुईसच्या त्या मंडळाला पत्र पाठवले. मंडळाने निल्स बाके या पाद्रीला पाहणीसाठी धाडले आणि १९१६ साली रोझबडची शाळा लुथरन शाळा झाली. पुढे रोझा यंग गावोगाव फिरल्या. अलाबामात सुमारे ३० शाळा उभ्या करण्यात त्यांचा हात होता. १९२२ साली सेल्मा येथे कृष्णवर्णीय शिक्षक आणि पाद्री घडवणारी संस्था सुरू झाली, ती पुढे काँकॉर्डिया कॉलेज म्हणून ओळखली गेली. तिथे त्यांनी १९४६ ते १९६१ शिकवले. १९३० साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९७१ साली त्या गेल्या.

हा काळ आपल्या ओळखीचा आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच वर्षांत त्याच देशाच्या दक्षिणेत ही बाई शाळा वाचवण्यासाठी पत्रे लिहीत होती. आणि त्याहून आधी, १८७३ साली, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. अमेरिकेतल्या काळ्या माणसाची शाळा हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. जोतीरावांनीच तो आपल्या दारात आणून ठेवला आहे.

आता शिक्षकांनी विचारावे की वर्गात नेमके करायचे काय? आम्ही काही उपक्रम सांगतो. यांना पैसा लागत नाही.

लहान वर्गांसाठी गणित. सातचे २१५ झाले, म्हणजे किती पट? जवळजवळ एकतीस पट. एका शिक्षकाकडे ४० मुले धरली तर किती शिक्षक हवेत? सहा. एका बाकावर तीन मुले बसली तर बाक किती? बहात्तर. मग हे बाक कोणी केले असतील, लाकूड कोठून आले असेल, हे मुलांनी बोलावे. आकड्यातून श्रम दिसू लागतो. शाळा ही इमारत नसून कोणाच्या तरी घामाने झालेली गोष्ट आहे, हे भाषणापेक्षा या हिशेबाने लवकर समजते.

त्याहून मोठ्यांसाठी पत्र. अर्ध्या वर्गाने रोझा यंग व्हावे आणि शाळेसाठी मदत मागणारे पत्र स्वतःच्या शब्दांत लिहावे. उरलेल्या अर्ध्या वर्गाने मिशन मंडळ व्हावे आणि उत्तर लिहावे. यात एक अट घालावी. पत्रात भीक मागायची नाही, कामाचा हिशेब द्यायचा. आणि उत्तर देणाऱ्यांनी मदतीच्या बदल्यात काय मागितले तेही लिहावे. मदत घेताना शाळेचा पंथ बदलला, ही गोष्ट लपवू नये. मेथॉडिस्ट घरातील मुलगी लुथरन झाली. ते तिने मनापासून स्वीकारले आणि शेवटपर्यंत पाळले. तरी देणारा आणि घेणारा यांच्यात सत्ता कोणाकडे असते, हा विचार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना करता येतो. त्यांना तो करू द्यावा.

हायस्कूलसाठी न्यायालय. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन भाषेविरुद्ध लाट उठली. १९१९ साली नेब्रास्का राज्याने कायदा केला की आठवी इयत्ता पूर्ण होईपर्यंत मुलांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा शिकवायची नाही. १९२० साली हॅम्प्टन येथील लुथरन शाळेचे शिक्षक रॉबर्ट मेयर एका दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमध्ये बायबलची गोष्ट वाचून घेत होते. सरकारी वकील वर्गात आला. मेयर यांना २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो मुकाट्याने भरून विषय संपवला नाही. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरला. शिक्षकाला शिकवण्याचा आणि पालकाला मुलाचे शिक्षण ठरवण्याचा हक्क आहे, हे तत्त्व तिथून पुढे अनेक खटल्यांत वापरले गेले. हा खटला मुलांनी वर्गात उभा करावा. वादी, प्रतिवादी, न्यायाधीश, साक्षीदार सारे मुलेच. मग शेवटी शिक्षकांनी एक प्रश्न टाकावा : १९२३ साली स्वतःच्या भाषेसाठी न्याय मिळवणाऱ्या समाजाच्या शाळांत तेव्हा काळ्या मुलाची जागा कोठे होती? त्याच्यासाठी वेगळे मिशन, वेगळे मंडळ, वेगळी शाळा होती. अन्यायाची झळ स्वतःला लागली म्हणून दुसऱ्यावरचा अन्याय आपोआप दिसतो, असे होत नाही. तो पाहायला शिकावे लागते.

आणखी एक उपक्रम नावाचा. हा सप्ताह येतो त्याच जानेवारी महिन्यात, तिसऱ्या सोमवारी, अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी असते. किंग हे बाप्टिस्ट. मग त्यांच्या नावात ल्यूथर कसा आला? १९३४ साली त्यांचे वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचे आणि मुलाचे 'मायकेल' हे नाव बदलून 'मार्टिन ल्यूथर' केले. एका बंडखोराचे नाव दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या वर्णाच्या, दुसऱ्या पंथाच्या माणसाने उचलले. नाव बदलणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. लुथरन शाळेतल्या मुलाला ते सांगावे लागेल, आणि तेही आनंदाने ऐकेल.

शेवटचा उपक्रम प्रवेश-रजिस्टरचा. मुख्याध्यापकांनी शाळेची जुनी रजिस्टरे बाहेर काढावीत. पहिल्या पानावर कोणाची मुले होती? कोणत्या वर्षी पहिले कृष्णवर्णीय मूल या शाळेत आले? त्याआधी अशी मुले गावात नव्हती की फक्त शाळेत नव्हती? वर्गात एक बाक दिवसभर रिकामा ठेवावा आणि त्यावर 'ज्यांना येऊ दिले नाही त्यांच्यासाठी' अशी चिठ्ठी लावावी. आभाराची पत्रे शिक्षकांना जातातच. त्यासोबत ती सफाई करणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला, बस चालवणाऱ्यालाही जावीत. त्यांनी या शाळेत काय काय पाहिले हे मुलांनी त्यांना विचारावे आणि लिहून घ्यावे.

कोणी म्हणेल, उत्सवाच्या आठवड्यात हा दुखरा इतिहास कशाला? मुलांच्या मनावर ओझे कशाला? आम्ही उलट विचारतो, ओझे कोणाच्या मनावर? ज्या मुलाच्या आजीला त्या शाळेचे दार बंद होते, त्याच्या मनावर ते ओझे आहेच. आपण बोललो नाही तर ते हलके होत नाही, ते एकट्याने वाहावे लागते. आणि सत्य सांगितले की अभिमानालाही खरी जागा मिळते. १९६५ च्या आरंभी विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण मतदार यादीत त्यांचे एकही नाव नव्हते. त्याच साली ६ मार्च रोजी, सेल्माच्या पुलावर पोलिसांनी रक्त सांडले त्याच्या आदल्या दिवशी, जोसेफ एलवँगर या गोऱ्या लुथरन पाद्रीने अलाबामातील सत्तरेक गोऱ्यांना घेऊन काळ्यांच्या मताधिकारासाठी सेल्मात मोर्चा काढला. वाल्थर यांचा १८६३ चा लेख ज्या पंथाचा, त्याच पंथाचा हा मोर्चाही. पहिले दडवले तर दुसऱ्याची किंमत मुलांना कशी कळणार?

या इतिहासाला दुःखाचा शेवटही आहे. सेल्माचे काँकॉर्डिया कॉलेज पैशाअभावी २०१८ साली बंद झाले. कृष्णवर्णीयांसाठी एका बाईच्या चिकाटीतून उभ्या राहिलेल्या कामाचे ते मोठे फळ होते. ज्या धर्ममंडळाच्या शाळा दरवर्षी सप्ताह साजरा करतात, त्यांच्या मुलांनी त्या बंद दाराचाही हिशेब मागावा. शाळा काढणे जितके अवघड, तितकेच ती चालू ठेवणे अवघड. टाळ्या वाजवल्याने शाळा चालत नाही.

आपल्यासाठी यात काय आहे? महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली त्या दिवशी बालक भिवाने साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, त्याचे नाव तिथल्या रजिस्टरात आहे. त्याच मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते, हे किती शाळा त्या दिवशी सांगतात? रजिस्टरातले नाव सांगायचे आणि गोणपाट गाळायचे, असे चालणार नाही. फोटोला हार घालून, दोन भाषणे करून मुलांना घरी पाठवणाऱ्या शाळांत आपल्या नावाच्या शाळाही आहेत, हे आपण मान्य केले पाहिजे. वर लिहिलेले गणित, पत्र, न्यायालय, रजिस्टर हे सारे उपक्रम आपल्याही वर्गात करता येतील. खर्च फक्त खडूचा.

रोझा यंग यांनी सात मुलांपासून सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या शाळेचा सप्ताह कोणी साजरा करत नव्हते. त्या मुलांची नावे कोणाच्या भाषणात आली नाहीत. ज्या शाळेला खरोखर उत्सव करायचा असेल तिने आपल्या अशा पहिल्या सात मुलांचा शोध घ्यावा आणि ज्यांना आत येऊ दिले नाही त्यांचाही घ्यावा. हे काम शिक्षकांनी मुलांना सोबत घेऊन केले, तर पताका लावायला आमची काही हरकत नाही.